पहिल्या ओळीवर अंगठा

वाचकांची पत्रं छापणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी लागतात : सोशिकपणा आणि मोठी टोपली. आमच्या संगमनेरातल्या साप्ताहिकाकडे यातली टोपली होती. ऐंशीच्या दशकात कॉलेजात शिकत असताना मी तिथे संध्याकाळी पत्रं फोडायला जात असे. मोबदला अर्धा चहा, आणि अंक निघेल त्या दिवशी वर भेळ. कार्यालय म्हणजे मेन रोडवरच्या एका जिन्याखालची खोली. संपादकांना सगळं गाव तात्या म्हणायचं. ते साप्ताहिक कधीच बंद पडलं; आता त्या जिन्याखाली मोबाइलची कव्हरं मिळतात.

आलेलं पत्र तात्या हातात घ्यायचे, पहिल्या ओळीवर डावा अंगठा ठेवायचे आणि दुसरीपासून वाचायला लागायचे. "पहिली ओळ कुणाचीच स्वतःची नसते," असं त्यांचं म्हणणं. अंगठ्याखाली काय असायचं ते मला पाठ झालं होतं : 'आपल्या लोकप्रिय साप्ताहिकाचा मी नियमित वाचक असून...' हे नियमित वाचक खरे धरले असते तर आमचा खप तालुक्याच्या लोकसंख्येपुढे गेला असता. प्रत्यक्षात वर्गणीदार आणि उधारीवाले मिळून एक वही पुरत होती.

बऱ्याच पत्रांचं असं व्हायचं की अंगठा ठेवला काय, काढला काय, सारखंच. नमनालाच घडाभर तेल, आणि नमनानंतर थेट 'कळावे, लोभ असावा'. एकदा एका कार्डावर मजकूर होता : 'आपला या आठवड्याचा अग्रलेख अत्यंत परखड, सडेतोड आणि डोळ्यांत झणझणीत अंजन घालणारा वाटला. आपल्या लेखणीला सलाम.' त्या आठवड्यात अग्रलेखाच्या जागी एका पतसंस्थेच्या ठेवींची जाहिरात होती. मला वाटलं तात्या खूश होतील. कौतुक कुणाला नको असतं? त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे पत्र 'केसरी'ला टाकलं असतं तरी चाललं असतं, आणि 'चांदोबा'लाही चाललं असतं. मग आपण कशाला छापायचं?" कार्ड टोपलीत गेलं.

तात्यांची कसोटी एवढीच होती. जे पत्र दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं ते आपलं नाही, आणि जे पत्र दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं असतं ते त्या माणसाचं नाही. पुढे मी पुष्कळ ठिकाणी लिहिलं, पुष्कळांचं वाचलं. याहून चांगली चाळणी मला काही मिळाली नाही.

या कसोटीवर पहिले गळायचे ते कार्बनवाले. एकच पत्र कार्बन घालून नगरला, नाशिकला, पुण्याला आणि उरलीसुरली प्रत आम्हाला. जांभळी अक्षरं इतकी पुसट असायची की आम्ही मानाच्या कितव्या पंगतीला आहोत ते त्यावरून कळायचं. एका गृहस्थांनी तर वर 'मा. संपादक, दैनिक' एवढं लिहून पुढे रेघ मारून जागा कोरी सोडली होती. ज्याचं त्यानं नाव भरून घ्यावं! तात्यांनी तिथे सुवाच्य अक्षरात 'टोपली' असं भरलं.

दुसरी जात शिक्केवाल्यांची. पत्र अडीच ओळींचं आणि खाली रबरी शिक्का सात ओळींचा : माजी हे, विद्यमान ते, संस्थापक, आश्वासक, मार्गदर्शक. शिक्क्यात मजकूर इतका की पत्र म्हणजे शिक्का उमटवण्यासाठी लागणारा कागद, एवढंच त्याचं स्थान. यांच्याच कुळातले दुकानदार. पाऊस लांबल्याबद्दल एकानं फार कळकळीचं पत्र लिहिलं होतं. प्रवरा आटली, विहिरींनी तळ गाठला, जनावरांचे हाल. वाचून खरोखर गलबलून आलं. खाली सही, सहीखाली पाइप आणि फिटिंगच्या दुकानाचं नाव, नवीन नगर रोडचा पत्ता आणि 'रविवारी चालू'. तात्यांनी पत्र छापलं. नाव ठेवलं, दुकान कात्रीनं उडवलं. गृहस्थांची पावसाबद्दलची चिंता त्या दिवसापासून संपली. पुन्हा एक ओळ आली नाही.

एक वैद्यबुवाही होते. विषय रोजगार हमीचा असो, रशियाचा असो की क्रिकेटचा, तिसऱ्या वाक्यात ते पित्तावर येत आणि पाचव्यात स्वतःच्या चूर्णावर. त्यांची वाट वाकडी असली तरी चाल ठरलेली होती, म्हणून मला ते आवडायचे. तात्यांना पित्ताचा त्रास होता, त्यामुळे ती पत्रं छापली गेली नाहीत तरी वाचली मात्र जात.

आता नावाची भूक म्हणाल तर तिला मी नावं ठेवणार नाही. झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव रेडिओवर गाण्यांची फर्माईश करणाऱ्या पोस्टकार्डांमुळे देशभर गाजलं. कित्येकांना वाटायचं, असं गाव नसणारच, निवेदकांनी गमतीनं काढलेलं नाव आहे. गाव खरं आहे, आज ते झारखंडात येतं. आपल्याकडे आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्येही तेच. गाणं तीन मिनिटांचं आणि आधी आई, बाबा, ताई, पिंकी, छोटू अशी अख्खी शिधापत्रिका. पण त्या मंडळींत लबाडी नव्हती. गाणं मागायचे आणि बदल्यात नाव ऐकायचे. गाणं न मागता नुसतीच शिधापत्रिका कुणी धाडत नसे. पत्रलेखक नेमके तिथे घसरतात.

आणि ज्यांची पत्रं टिकली त्यांनी नावच दिलं नव्हतं. १८४८ साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात लोकहितवादी या नावानं पत्रं यायला लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत, तेव्हा खरं नाव घालून चालणारच नव्हतं. खाली शिक्का नाही, पदव्या नाहीत. 'आपल्या लोकप्रिय साप्ताहिकाचा' वगैरे लाडीगोडी तर दूरच. जो वाचक ते पत्र वाचणार त्याच्याच आळसाचे आणि अज्ञानाचे वाभाडे. तरी संपादक भाऊ महाजनांनी ती दोनेक वर्षं छापली. झाली एकशे आठ, नाव पडलं शतपत्रे. वरच्या आठांचा हिशेब मराठी माणसानं आजवर विचारलेला नाही. पाव शतक उलटल्यावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्यावर तुटून पडून उत्तर दिलं. पत्राला इतक्या उशिरा आणि इतकं रागावून उत्तर यावं, याहून मोठी पोच कोणती?

आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर १८४२ साली नगरात सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'नं १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. शाळकरी मुलगी, ना ओळख ना वशिला. पण तिथे जे लिहिलं होतं ते लिहायला तीच हवी होती. या निबंधाचा विषय निघाला की तात्या टोपलीकडे बघतही नसत.

आणि खुद्द संगमनेरच्या माणसाला मिळालेला अभिप्राय विसरून कसं चालेल? अनंत फंदी इथलेच, १७४४ सालचा जन्म. डफावर थाप मारून तमाशे गाजवणारा हा शाहीर. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना ऐकवलं की तुझ्यासारख्यानं हे करणं बरं नव्हे. आणि फंदींनी डफ टाकून कीर्तन धरलं, असं सांगतात. तमाशा सोडायला लावला ते चांगलं की वाईट यावर मी अजून भांडायला तयार आहे. लावणीचं नुकसान झालंच. पण अभिप्राय म्हणून पाहा. एका माणसाला उद्देशून, त्याचं काम ठाऊक असताना, आडपडदा न ठेवता आणि सांगणाऱ्याचा छदामाचा फायदा नसताना. जिल्ह्याला पुढे अहिल्यानगर नाव मिळालं. पण अशी दोन वाक्यं बोलणारी माणसं जिल्ह्यात वाढल्याचं माझ्या कानावर नाही.

आमच्या गल्लीतले अण्णा हे हल्लीचे पत्रलेखक. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, अण्णा 'संबंधितांनी लक्ष द्यावे' करतात. पूर्वी ते प्रत्येक पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवायचे. कारण? "पोचपावती येते रे. मिळालं नाही असं म्हणायची सोयच नाही." संपादकानं छापलं नाही तरी पावती पाकिटात जपून ठेवायचे. २०२५मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. मग भाच्यानं ईमेल शिकवला. आता ते एकच पत्र वीस दैनिकांना एका दमात पाठवतात, आणि वीसही पत्ते वर लख्ख दिसतात. कार्बनचा जांभळा रंग तेवढा गेला.

मध्यंतरी भाच्यानं मोबाइलला सांगून पत्र लिहून घ्यायचीही युक्ती दाखवली. पत्र आलं ते इतकं शुद्ध, इतकं समतोल, तिन्ही परिच्छेद सारख्या उंचीचे, की काकू वाचून म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलेलं नाही. यात कुणावर राग नाही." अण्णांना ते मनापासून लागलं. त्या रात्री त्यांनी पेन काढलं.

त्या पेनातून पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला. ही गाडी संगमनेरवरून जाणार म्हणून आमच्याकडे कित्येक वर्षं पत्रांचं गुऱ्हाळ चालू आहे. पुढे खोडदच्या महादुर्बिणीला अडथळा होतो असं कारण देऊन मार्ग दुसरीकडून न्यायचं ठरलं, आणि तालुक्यातून पत्रांचा महापूर आला. 'संगमनेरकरांवर घोर अन्याय', 'सरकारने दखल घ्यावी', 'तीव्र निषेध'. भावना खऱ्या होत्या, माझ्याही त्याच आहेत. पण एकावरचं नाव झाकून दुसऱ्यावर ठेवलं तर फरक कळला नसता. अण्णांचंही असंच एक पानभर चऱ्हाट होतं. मी ते वाचत असताना त्यांची कॉलेजात जाणारी नात मागून म्हणाली, "आजोबा, ती दुर्बीण केव्हाची आहे?"

"असेल तीसेक वर्षांची."

"म्हणजे रेल्वेचा नकाशा काढला तेव्हा होती. तीस डिश आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. नकाशा काढणाऱ्यांना त्यातली एकही दिसली नाही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अण्णा, पान फाडा. हिचे प्रश्न तेवढे पाठवा, आणि वीस ठिकाणी नको, एकाच ठिकाणी पाठवा." चार ओळींचं ते पत्र नातीच्या नावानं गेलं आणि छापूनही आलं. अण्णा पेपरची घडी खिशात घालून चंद्रशेखर चौकापासून तेलीखुंटापर्यंत दाखवत फिरले. 'आपले' नाव आलं नाही याचं दुःख तेवढं संध्याकाळपर्यंत टिकलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि मोकाट कुत्र्यांचा विषय काढला. पहिली ओळ अर्थातच 'आपल्या लोकप्रिय दैनिकाचा' अशी.

त्यांना मी बोललो नाही. दैनिकांनाही पत्रं लागतात. 'लोकसत्ते'नं 'लोकमानस' आणि 'महाराष्ट्र टाइम्स'नं 'बहुतांची अंतरे' अशी सदरं काही नुसत्या हौसेखातर चालवलेली नाहीत. वार्ताहर जिथे पोचत नाही तिथे वाचक आधीच उभा असतो. त्यानं उभं राहून काय दिसलं ते लिहावं, एवढंच मागणं असतं. तो लिहितो की मी इथे नियमित उभा राहतो.

या लेखावरही कुणाला लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं आणि संगमनेरचा पिन कोड ४२२ नं सुरू होतो. जिल्हा नगरचा असला तरी टपाल नाशिकच्या आकड्यात येतं, तेव्हा पत्ता नीट घाला. 'लेख आवडला' एवढंच असेल तर ते ५० पैसे वाचवा. चूक सापडली असेल तर मात्र कितव्या परिच्छेदात ते लिहा, बरोबर काय ते लिहा, आणि दुकान रविवारी चालू असतं की बंद ते मला कळवू नका.