डिपकर

डिपकर हा शहरी मराठी मध्यमवर्गात आढळणारा यजमानाचा एक प्रकार आहे. शनिवारी संध्याकाळी चार कुटुंबांना बोलावून त्यांच्यापुढे फ्रेंच फ्राइज आणि स्वतः केलेली पाच-सहा डिप्स मांडणे ही त्याची मुख्य ओळख. पुण्यात बाणेर-बावधनकडे, ठाण्यात घोडबंदर रोडला, नाशकात गंगापूर रोडला त्याची वस्ती दाट आहे. न्यू जर्सीतही तो रुजला आहे. मात्र तिथे कुठल्याही दुकानात डिप्सची भिंतच्या भिंत असल्यामुळे ‘घरी केलंय’ हे त्याला जरा मोठ्याने सांगावे लागते. वय साधारण पस्तीस ते पंचेचाळीस. बहुतेक पुरुष. रोजच्या स्वयंपाकाशी त्याचा संबंध बेताचाच असतो. स्मोक्ड पॅप्रिका कुठल्या बरणीत आहे हे तो झोपेतही सांगेल. हळद कुठे आहे हे मात्र त्याला विचारावे लागते. 2020च्या टाळेबंदीत यातल्या बऱ्याच जणांनी सावरडो पावाचे आंबवण फ्रिजमध्ये बाळगले होते आणि काहींनी त्याचे बारसेही केले होते. ते आंबवण गेले, बाळगण्याची हौस राहिली.

हा प्रकार फार जुना नाही. हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर पूर्वी ‘फिंगर चिप्स’ असत, त्यांच्यासोबत एकच लाल सॉस येई आणि कोणाची काही तक्रार नसे. 1996 साली मॅकडोनाल्ड्सने वांद्र्याला दुकान उघडले आणि फ्राइज हा वेगळ्या इभ्रतीचा पदार्थ झाला. पुढे गोठवलेल्या फ्राइजच्या पिशव्या वाण्याच्या फ्रीझरपर्यंत पोचल्या, आणि फ्राइज करणे यात सांगण्यासारखे काही उरले नाही. पिशवी कोणीही फोडतो. सांगण्यासारखे जे काही उरले ते वाटीत होते. डिपकराचा जन्म तिथला.

त्याच्या आमंत्रणाचा थाट साधेपणाचा असतो. “काही नाही रे, सहज बसू. फक्त फ्राइज ठेवतोय.” हे वाक्य बुधवारी उच्चारले जाते, तयारी गुरुवारी सुरू झालेली असते. पहिली खूण म्हणजे पंचात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलेले दही. ते पाहून घरात श्रीखंडाची आशा पसरते. आई वेलदोडे शोधू लागते. मुले “किती वाजता?” असे विचारून जातात. रात्रभरात दह्याचे वजन निम्म्यावर येते, छान घट्ट चक्का तयार होतो आणि शुक्रवारी सकाळी डिपकर त्यात साखरेऐवजी लसूण, मीठ आणि शेपू घालतो. घरातले वातावरण त्यानंतर दुपारपर्यंत निवळत नाही. खाली साठलेले पाणी आई न बोलता कणकेत घालते. सबंध खटाटोपातले निर्विवाद उपयोगी काम तेवढेच.

बटाट्यांच्या बाबतीत डिपकरांत दोन पंथ आहेत. पहिला पिशवीवाला; त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दुसरा सोललेल्या बटाट्यांचा, आणि हा कडवा असतो. भाजीवाल्याला तो विचारतो, “हे चिप्सोना आहेत का?” कुफरी चिप्सोना हे वाण शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 साली तळणासाठी म्हणून काढले. त्यात पाणी आणि साखर कमी असते, म्हणून तळताना ते काळवंडत नाही. भाजीवाला हे सगळे शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “इंदुरी आहे साहेब. देऊ दोन किलो?” दोन किलो येतात. शीतगृहातल्या गारठ्यात बटाट्यातल्या पिठूळ भागाची हळूहळू साखर होते, आणि असे बटाटे तेलात पडले की आत कच्चे असतानाच बाहेरून तपकिरी होतात. डिपकराला हे पाठ असते. नेमके तसेच बटाटे त्याच्या पिशवीत असतात.

पद्धत मात्र बिनचूक असते, हे मान्य करायला हवे. बोटाएवढे तुकडे कापून पाणी नितळ येईस्तोवर धुवायचे, व्हिनेगरच्या पाण्यात उकळायचे म्हणजे ते मोडत नाहीत, मग फडक्यावर खडखडीत कोरडे करायचे. पहिले तळण 150 ते 160 अंशांवर, आत शिजण्यापुरते. मग गार करायचे. दुसरे तळण 180 ते 190 अंशांवर, बाहेरचे कवच होण्यापुरते. तेलात बुडवायला त्याच्याकडे थर्मामीटर असतो. घरात कोणाला ताप आला की बायको शेजारून थर्मामीटर मागून आणते, पण तेलाचा ताप मोजायची सोय घरात असते.

खरा डिपकर दिसतो तो शनिवारी दुपारी तीन वाजता, मेयोनेज करताना. एका भांड्यात अंड्याचा बलक, चमचाभर मोहरीची पेस्ट, लिंबाचा रस. उजव्या हाताने फेटणे आणि डाव्या हाताने तेल, तेही थेंबाथेंबाने. बलकातले लेसिथिन तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवते, त्यांना पुन्हा एक होऊ देत नाही, आणि दोन पातळ पदार्थांतून एक घट्ट पदार्थ उभा राहतो. पहिले चार चमचे तेल जिरेपर्यंत फार सबुरी लागते. डिपकर पहिली पाच मिनिटे योग्यासारखा शांत असतो. सहाव्या मिनिटाला फोन वाजतो, “गेटवर आमचं नाव नाहीये, वॉचमन सोडत नाही,” आणि तेलाची धार सुटते. भांड्यात तेल वेगळे, बलक वेगळा. मेयो फुटले. यावर उपाय आहे आणि तो डिपकराला ठाऊक असतो: दुसऱ्या भांड्यात नवा बलक घ्यायचा आणि फुटलेले मिश्रण तेलाच्या जागी त्यात थेंबाथेंबाने घालत जायचे. ते सुधारते, पण आणखी तेल मागते. त्यामुळे डिपकराच्या घरी मेयोनेज नेहमी ठरवल्याच्या दुप्पट निघते, आणि ‘जरा जास्तच केलं मुद्दाम’ असे त्याचे अधिकृत स्पष्टीकरण असते.

अंडे न खाणाऱ्यांसाठी दुसरी वाटी होते. त्यात थंड दूध आणि त्याच्या दुप्पट तेल, भांड्याच्या तळाशी टेकवून हँड ब्लेंडर फिरवला की मिनिटभरात तेही घट्ट होते. दोन्ही वाट्या तंतोतंत सारख्या दिसतात, म्हणून शाकाहारी वाटीवर खुणेसाठी कोथिंबिरीचे पान ठेवले जाते. साडेसातला कोणीतरी दुसऱ्या वाटीवरही शोभेसाठी पान ठेवते. त्यानंतर श्रावण पाळणारी मंडळी त्या भागात फिरकत नाहीत.

उरलेल्या डिप्सबद्दल थोडक्यात. मिरचीचा ठेचा मेयोनेजमध्ये कालवला की त्याची ‘स्मोकी ठेचा आयोली’ होते. शेंगदाण्याच्या कुटात नारळाचे दूध आणि चिंच पडली की ते ‘साटे’. यात तो नेदरलँड्सचा दाखला देतो आणि तो खरा आहे: इंडोनेशियावरच्या राज्यातून डच लोकांनी दाण्याचे हे कालवण घरी नेले, आणि तिथे फ्राइजवर मेयोनेज, दाण्याचा सॉस आणि चिरलेला कांदा एकदम घालून खातात. हमस असतेच. पाहुण्यांत एखादा कोल्हापूरकडचा असेल तर तो स्वयंपाकघरात शिरून कालवण्याआधीचा ठेचा मागून घेतो आणि तेवढ्यावर समाधानी असतो. सगळ्या वाट्यांना टूथपिकच्या झेंड्या लावून नावे लिहिलेली असतात. झेंड्या मुले काढून नेतात.

मग वाढण्याचा क्षण येतो, आणि डिपकराच्या आयुष्यातला मूळ पेच इथे आहे. तेलातून निघालेली फ्राय आतल्या वाफेवर जगते. ती वाफ बाहेर पडताना कवच मऊ करते, आणि पाच-सात मिनिटांत कुरकुरीतपणा संपतो. सहा डिप्सची ओळख करून द्यायला बारा मिनिटे लागतात. बशी टेबलावर येते, हात पुढे होतात आणि डिपकर म्हणतो, “थांबा, आधी सांगतो कुठलं काय आहे.” हात मागे जातात. बेल्जियममध्ये फ्राइज कागदाच्या कोनात मेयोनेजसोबत खातात इथपासून सुरुवात होते. तिथे त्या परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, हा तपशील तो श्रोत्यांवर नजर फिरवून सांगतो किंवा गिळतो. कॅनडातल्या क्विबेकमध्ये त्यांवर चीजचे गोळे आणि गरम ग्रेव्ही ओततात हे सांगेपर्यंत बशीतल्या फ्राइजनी माना टाकलेल्या असतात. पाहुणे सभ्य असतात. “छान झालीयेत,” म्हणतात, आणि मऊ पडलेली फ्राय डिपमध्ये शिरताना वाकते तेव्हा दुसऱ्या बोटाने तिला आधार देतात.

याच वेळी एक प्रश्न येतो. तो बहुधा लहान मुलाकडून येतो, पण मोठ्या माणसाने त्याला शिकवून पाठवलेले असते. “काका, सॉस आहे का?” डिपकर सहाही वाट्यांकडे हात करतो. “हे सगळे सॉसच आहेत बेटा.” मुलगा सहाही वाट्या पाहतो आणि म्हणतो, “तसा नाही. लाल.” घरात लाल सॉसची बाटली नसते असे नाही; ती फ्रिजच्या दारात, औषधांच्या मागे दडवलेली असते. बायको ती काढून देते. पुढच्या दहा मिनिटांत बाटली पाहुण्यांच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, आणि डिपकराला अतिशय आदराने वागवणारे बँकेतले वरिष्ठ सहकारीही पाठ वळवून तिचा बुडखा थोपटताना दिसतात.

उष्ट्याचा प्रश्न या पार्टीत जितका बिकट तितका दुसरीकडे कुठे नसेल. एक फ्राय, दोन घास, मधे वाटी एकच. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठाने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की खाल्लेले टोक पुन्हा बुडवले की तोंडातले जंतू वाटीत उतरतात, आणि पातळ डिपमध्ये ते जास्त राहतात, कारण पातळ डिप तुकड्यावरून ओघळून परत वाटीत पडते. हा प्रयोग डिपकराने वाचलेला असतो. म्हणून तो प्रत्येक वाटीत चमचा ठेवतो आणि डिप आपापल्या ताटलीत घ्यावे अशी विनंती करतो. पहिल्या फेरीत ती पाळली जाते. दुसऱ्या फेरीत चमचा हमसमध्ये बुडून दिसेनासा होतो. तिसऱ्या फेरीत कोणाचा तरी धाकटा मुलगा तो शोधून काढतो, चाटतो आणि जागच्या जागी ठेवतो. हे फक्त एक मावशी पाहतात. त्या काही बोलत नाहीत, पण त्यानंतर त्या नुसते पाणी घेतात.

या मावशी प्रत्येक डिपकराला असतात. कोणाच्या तरी सासूबाई, सोबत आलेल्या. त्या दिवशी संकष्टी असते. बटाटा उपासाला चालतो, मग फ्राइज चालायला हव्यात, असा डिपकराचा निष्कर्ष असतो आणि तर्काला तो पक्का आहे. मावशींचे प्रश्न तीनच: मीठ कुठले, तेल कुठले, आणि त्याच कढईत आधी काय तळले? आधी कांद्याची भजी तळलेली असतात; डिप्सपैकी दोनांत लसूण, एकात मोहरी. शेवटी बायको छोट्या कढईत वेगळे तूप तापवून चार फ्राइज तळून देते, वर सैंधव, सोबत दाण्याची दह्यातली चटणी. चंद्रोदय झाल्यावर मावशी त्या खातात. त्या दिवशी गरम, कुरकुरीत आणि योग्य चटणीसोबत फ्राइज खाल्लेली व्यक्ती बहुधा ही एकच.

डिपकर स्त्रियांतही असतात, पण विरळा, आणि त्या व्याख्यान देत नाहीत. कढईजवळ उभ्या राहून त्या घाण्यामागून घाणा बाहेर पाठवतात, एक लसणीची आणि एक कोथिंबिरीची वाटी ठेवतात आणि दोन्ही संपतात. प्रस्तुत प्रकारात त्यांची गणना करावी की नाही, याबद्दल शंका आहे.

पाहुणे दहाला जातात. ओट्यावर दीड लिटर वापरलेले तेल उरते, ते गाळून ठेवले जाते आणि पुढचे काही दिवस घरात पुऱ्या होतात. डिप्स फ्रिजमध्ये जातात, डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावून. कच्च्या अंड्याचे मेयोनेज दोन-तीन दिवसांपुढे ठेवू नये हे डिपकर स्वतःच सांगतो आणि चौथ्या दिवशी ते वास घेऊन परत ठेवतो. पाचव्या दिवशी बायको ते टाकून देते व कोणाला सांगत नाही. हमस मुलांच्या डब्यात पोळीला लावून जाते आणि तसेच परत येते. लसणीचा चक्का आई मंगळवारी कढीत घालते. कढी उत्तम होते. डिपकर दोनदा मागून घेतो आणि ‘आज कशात काय घातलंय?’ असे विचारतो. आई ‘काही नाही, रोजचीच’ म्हणते.

ही अवस्था साधारण दोन वर्षे टिकते. त्यानंतर डिपकराचे रूपांतर गच्चीवर कोळसा पेटवणाऱ्यात किंवा पिझ्झासाठी दगड मागवणाऱ्यात होते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर धुराबद्दलचे संदेश सुरू होतात. चिनी मातीच्या चोवीस छोट्या वाट्या माळ्यावर जातात. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायको त्या खाली काढते, घासते आणि तिळगुळासोबत वाण म्हणून लुटते.