तिसरीचं दुखणं

हाटकेशमध्ये बीप-बीप ऐकून कुणी मान वर करत नाही. उद्योगनगरातल्या गाळ्यांपुढे दिवसभर टेम्पो रिव्हर्स घेत असतात. त्यामुळे आमच्या टीव्हीखालचा डबा सकाळपासून ओरडतोय, हे कळायला संध्याकाळ झाली. कळलं तेही आईला. "अरे, हा टेम्पो सकाळपासून मागेच चाललाय. एव्हाना घोडबंदरला पोचला असेल."

डबा म्हणजे नॅस, घरचे फोटो साठवायचा. आत चार-चार टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क, 'रेड 5' पद्धतीनं जोडलेल्या. हिशोब सोपा आहे. तिघींवर 7, 4 आणि 9 लिहिलं की चौथीवर बेरीज लिहायची, 20. कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा निघतो. (खरं तर तिथे बेरीज नसते, सम-विषमचा खेळ असतो, आणि तो लिहिण्याची पाळी चौघींत फिरते. पण हे घरात समजावायला गेलो तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.) बर्कलीच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 साली निबंधच लिहिला, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या पुष्कळ घ्या. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं तो वाचला नसावा.

तिसरी डिस्क आजारी होती. धास्ती मात्र उरलेल्या तिघींची. चौघीही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच लॉटमधून आलेल्या. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच्या अँजिओप्लास्टीची बातमी आली की बाकीची बॅच दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबच्या रांगेत दिसते, तसा मी त्यांचे रिपोर्ट पाहत बसलो.

"अहो, एक गेली तरी चालतं म्हणूनच चार घेतल्या होत्यात ना?" बायको म्हणाली.

चालतं, पण एकच. नवी भरताना बाकीच्या तिघी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे 12 टेराबाइट. आणि बऱ्याच घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं असतं, की साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादा सेक्टर वाचता न येण्याची तयारी ठेवा. आमचा सगळा जीव त्या मधल्या अर्ध्या टेराबाइटात.

नवी डिस्क पोटाशी धरून विरार लोकलनं आणली. बंद डिस्क बरेच धक्के सोसते म्हणतात. पण ते ठरवणाऱ्यांनी ग्रँट रोडहून संध्याकाळची गाडी पकडली असेल असं वाटत नाही.

आता काढायची कुठली? स्क्रीन म्हणतो, 'डिस्क 3'. डावीकडून की उजवीकडून, शून्यापासून की एकपासून, हे तो सांगत नाही. खात्री होते ती सीरियल नंबरावरून. तो लेबलवर, लेबल डिस्कवर, डिस्क ट्रेमध्ये, ट्रे डब्यात. म्हणजे आजारी कोण हे कळायला ट्रे ओढायचा, आणि चालू डब्यातून धडधाकट डिस्क ओढली गेली तर घरच बसलं. ही रचना करणाऱ्याला सोसायटीच्या कमिटीचा दांडगा अनुभव असणार. शेवटी डबा बंद केला, ट्रे ओळीनं मांडले, आई चष्मा लावून नंबर म्हणू लागली. "डब्ल्यू, झेड, शून्य... नाही रे, ओ. थांब, पुसून बघते."

पदरानं पुसल्यावर शून्यच निघालं.

रीबिल्डला दहा-बारा तास लागणार होते. घरात संचारबंदी. टीव्हीखाली झाडू नको, लादी नको. ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरनं 2008 साली चालू डिस्कांच्या तोंडाशी जाऊन आरोळी ठोकली आणि त्यांचं काम मंदावतं हे दाखवून दिलं. हे घरात सांगितल्यापासून आम्ही कुजबुजत भांडलो. रागावून कुजबुजायला फार ताकद लागते. चौसष्ट टक्क्यांवर वरच्या मजल्यावाल्यांनी ड्रिल सुरू केलं. त्यांना ग्रेग कोण समजावणार?

सकाळी हिरवा दिवा लागला. आई जुनी डिस्क तळहातावर तोलत होती.

"चांगली जड आहे रे. पनीर दाबायला होईल."

"आई, त्यात आपले फोटो आहेत!"

"सगळे?"

"तुकडे. एकेक फोटो चिरून चौघींत वाटलेला असतो."

"म्हणजे कुणाचं नुसतं कपाळ, कुणाची हनुवटी," बायको म्हणाली. "मामांचं पोट निघालं तर?"

"दादाचं पोट एका डिस्कवर मावायचं नाही," म्हणत आईनं ती नळाखाली धरली.