फिरत्या खोलीतली मोरी

डेट्रॉइटचे आर्थर शेर्मन हे जंतुशास्त्रज्ञ. औषधांची कंपनी चालवायचे. 1929 साली कुटुंबाला कॅम्पिंगला न्यावं म्हणून त्यांनी मोटारीमागे ओढायचा एक घडीचा ट्रेलर विकत घेतला. विकणाऱ्याचा दावा असा, की पाच मिनिटांत त्याची वॉटरप्रूफ खोली होते. पहिल्याच सहलीत पाऊस कोसळला आणि ती पाच मिनिटं काही संपेनात. सगळं कुटुंब चिंब. दुसरा कोणी असता तर विकणाऱ्याच्या दारात जाऊन बसला असता. शेर्मननी सरळ एक खोकं आखलं आणि एका तरुण सुताराकडून बांधून घेतलं: 6 फूट रुंद, 9 फूट लांब, घडी नाही, कापड नाही. मधून चिंचोळी वाट, दोन्ही अंगांना कपाटं, स्टोव्ह आणि बर्फाची पेटी. मुलांनी त्याचं नाव ठेवलं ‘कव्हर्ड वॅगन’. जानेवारी 1930 मध्ये ते डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडलं, आणि 1936 साली शेर्मन अमेरिकेतले सर्वांत मोठे ट्रेलर-उत्पादक होते. त्या वर्षी त्यांनी सुमारे 6,000 ट्रेलर विकले.

जंतुशास्त्रज्ञाला जमलं ते इंजिनिअरला का जमू नये, असं डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना वाटलं. मोटारधंद्यामुळे त्या बाजूला मराठी घरं बरीच. प्रस्तुत गृहस्थांनी उभी हयात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या आखण्यात घालवलेली. मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून वाद घालण्याची सवय. मुलं शिकायला बाहेरगावी गेली, गॅरेज रिकामं झालं, आणि रिकामं गॅरेज अमेरिकेत कोणालाही सुखाने बसू देत नाही.

घरगुती ट्रेलरच्या दुनियेत सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे टिअरड्रॉप: बाजूने पाहिलं तर थेंबाच्या आकाराचा, 4 फूट रुंद, 8 फूट लांब. ही मापं कोणा वास्तुतज्ज्ञाने ठरवलेली नाहीत, ती प्लायवुडने ठरवली. अमेरिकेत प्लायवुडचा ताव 4 बाय 8 फुटांचा मिळतो. एका तावातून तळ, एकेका तावातून एकेक बाजू. त्यामुळे उंचीही चार फुटांच्या आसपास. आत रांगत जायचं, झोपायचं, रांगत बाहेर यायचं. स्वयंपाकाचा ओटा मागच्या बाजूला, डिकीसारखं झाकण उचलायचं आणि बाहेर उघड्यावर उभं राहून रांधायचं.

“उघड्यावर म्हणजे जूनमध्ये? अप्पर पेनिन्सुलात?” वहिनींनी विचारलं.

मिशिगनच्या त्या उत्तर भागात वसंत सरता सरता काळ्या माश्या येतात, त्यांच्या पाठोपाठ डास. दोघांनाही माणूस आवडतो. पोळ्या लाटताना दोन्ही हात गुंतलेले असतात, हा मुद्दा टिअरड्रॉपच्या शोधकाला सुचला नसावा. तेव्हा ओटा आत आणि आत उभं राहता आलं पाहिजे, हा ठराव एकमताने मंजूर झाला. घरगुती ट्रेलरच्या दुनियेत अशा ट्रेलरला ‘स्टँडी’ म्हणतात.

आता आकडे. अमेरिकन घराच्या गॅरेजचं दार बहुधा 7 फूट उंच असतं, म्हणजे 84 इंच. ट्रेलर गॅरेजात बांधायचा तर त्यातून बाहेर यायला हवा, म्हणून वर एक इंच मोकळा सोडला: उरले 83. चाकं, अ‍ॅक्सल आणि लोखंडी सांगाडा यांनी खालचे 20 खाल्ले. छताची जाडी 2. राहिले 61 इंच. वहिनींची उंची 60 इंच, गृहस्थांची 68.

“माझं काम झालं,” वहिनी म्हणाल्या. “आता स्वयंपाक मीच करणार असेन तर उंची पुरेशी आहे. तुम्ही करणार असाल तर छत वाढवा.”

एका वाक्यात प्रश्न भूमितीतून संसारात गेला. स्वयंपाक आपण करू, असं गृहस्थ पूर्वी एका उत्साही संध्याकाळी चार पाहुण्यांसमक्ष बोलून बसले होते.

छत वाढवायचे दोन मार्ग. एक, वर उचलता येणारं छत, जुन्या फोक्सवॅगन कॅम्परसारखं. पण उचललेल्या छताच्या बाजूंना कापड येतं, आणि कापड म्हटलं की शेर्मन कुटुंब डोळ्यांसमोर येतं. दुसरा मार्ग म्हणजे माणूसच खाली उतरवायचा. एअरस्ट्रीमचे संस्थापक वॉली बायम यांनी सुरुवातीच्या काळात हेच केलं: चाकांच्या मधली जमीन खाली घेतली, छत थोडं वर नेलं आणि आत ताठ उभं राहण्याची सोय केली. त्यांच्याही घरी कारण तेच होतं म्हणतात. पत्नीला स्वयंपाकघराशिवाय कॅम्पिंग मान्य नव्हतं. अमेरिकेतल्या एका चकचकीत उद्योगामागे एक न पटलेली बायको आहे, ही गोष्ट वहिनींनी पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितली.

तेव्हा अ‍ॅक्सलच्या पुढे, दारातून आत येताच, 2 बाय 3 फुटांचा एक चौकोन 8 इंच खाली घ्यायचा ठरला. 61 अधिक 8, एकूण 69. गृहस्थ त्यात उभे राहू शकत होते आणि डोक्यावर एक इंच हवा उरत होती. आराखड्यात त्यांनी त्याला इंग्रजीत ‘लोअर्ड गॅली वेल’ असं भारदस्त नाव दिलं. वहिनींनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “ही तर मोरी.”

वहिनींचं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलेलं. 160 चौरस फुटांची एक खोली, कोपऱ्यात कठडा घातलेली मोरी, संडास बाहेर, मजल्यावरच्या सगळ्यांचा मिळून. त्या खोलीत आजी-आजोबांसह सात माणसं राहत, शिवाय गणपतीत गावाहून येणारी वेगळी. गृहस्थ सदाशिव पेठेतल्या वाड्यातले. वाड्याला अंगण असतं, माजघर असतं, एक अंधारी खोली असते, आणि प्रत्येक गोष्टीला कायमची जागा असते. या दोन बालपणांमधला फरक आराखड्यावर ठायी ठायी दिसू लागला.

गृहस्थांनी संगणकावर स्केचअप उघडून 10 फूट लांब, 6 फूट रुंद खोकं काढलं. दीड-दीड इंचाच्या भिंती वजा जाता आत उरते 117 इंच लांबी आणि 69 इंच रुंदी. आडवा पलंग टाकला तर 68 इंचांचे गृहस्थ 69 इंचांत बसतात, पण डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या. पहाटे थंड भिंतींना दव धरतं, ते टाळूवर उतरणार. म्हणून उभा पलंग. अमेरिकेतली डबल गादी 54 बाय 75 इंचांची. 117 मधून 75 गेले, राहिले 42. साडेतीन फुटांत दार, मोरी, ओटा, कपाट आणि पलीकडे 15 इंचांची एक बोळकंडी, जिच्यातून फक्त मांजर सरळ चालू शकेल. ओट्याला हात लावला की कपाट नाहीसं होई, आणि कपाट परत आणलं की दार उघडेना. बिजागरीवाल्या माणसाला न उघडणारं दार म्हणजे अपमानच. रात्री उशिरापर्यंत ते माऊसने पलंग सरकवत बसले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या जमिनीवर चिकटपट्टीने तोच आराखडा खऱ्या मापात आखला. ज्याला म्हणून ट्रेलर बांधायचाय त्याने हे आधी करावं. संगणकावरच्या माणसाला कोपरं नसतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ओटा झाला, बागेतली खुर्ची कमोडच्या जागी आली. वहिनी त्या रेघांच्या आत दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, “अहो, दिवसा पलंग कशाला पाहिजे?”

“झोपायला कुठेतरी...”

“दिवसा झोपणार आहात?”

वाड्यात वाढलेला माणूस जागा भिंतींनी वाटतो, चाळीतला घड्याळाने. वरळीच्या त्या खोलीत पहाटे पाचला जिथे आजोबांचं अंथरूण असे, तिथे सहाला स्टोव्ह, आठला पाट-पाणी, दुपारी शिवणाचं मशीन आणि रात्री पुन्हा अंथरूण. वळकटी भिंतीला, ट्रंका खाटेखाली, बाकीचं माळ्यावर. खोली 160 चौरस फुटांचीच होती, पण ती दिवसातून पाच वेळा नवी मिळे. वहिनींच्या मते 60 चौरस फूट दोन माणसांना उदंड होते. अडचण एवढीच, की गृहस्थांनी त्यात रात्र आणि दिवस एकाच वेळी कोंबले होते.

हा विचार अमेरिकनांनाही सुचलेला आहे, पण त्यांनी त्याला लाकडी पट्ट्या लावल्या. दोन फळीबाकं एकमेकांत गुंतलेली, एका हाताच्या बोटांत दुसऱ्या हाताची बोटं घालावीत तशी. दिवसा 27 इंचांचा सोफा, रात्री खेचला की 54 इंचांचा पलंग. कॅम्परवाले त्याला ‘गाउचो’ म्हणतात. त्याने दिवसाची बोळकंडी 15 वरून 42 इंच झाली, म्हणजे माणसांनाही चालता येईल अशी. गृहस्थांनी गाउचोचा आराखडा उतरवून घेतला आणि श्रेय समसमान वाटलं: पट्ट्या त्यांच्या, तत्त्व वरळीचं.

आता वजन. ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन पुढे हुकावर पडायला हवं. त्याहून कमी पडलं, म्हणजे मागची बाजू जड झाली, तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही हलवतो. म्हणून अ‍ॅक्सल मध्यापेक्षा थोडा मागे, हलकं अंथरूण मागे, जड ओटा पुढे. पाण्याची टाकी 20 गॅलनची, म्हणजे भरल्यावर 75 किलो. ती बरोबर अ‍ॅक्सलवर, कारण येताना ती रिकामी असणार आणि तोल तरीही राहायला हवा. तांदळाचा डबा मात्र कुठेही ठेवा, असं गृहस्थ उदारपणे म्हणाले. वहिनींनी दहा किलोचा दाखवला, तेव्हा तोही अ‍ॅक्सलवर गेला.

फोडणीचा प्रश्न याहून अवघड. बंद खोक्यात मोहरी तडतडली की तिचा वास गादीत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते. त्यात दोन माणसांचे श्वास, आणि सकाळी भिंतींवर ओघळ. पावसात भिजायचं नाही म्हणून खोकं बांधावं आणि आतूनच पाऊस पडावा! यावर इलाज म्हणजे छतातला पंखा. त्याचं भोक सगळीकडे 14 बाय 14 इंच. पण पंख्याचं झाकण छताच्या वर तीन-चार इंच येतं. म्हणजे पंखा गॅरेजबाहेर बसवायचा, आणि एकदा बसवला की ट्रेलर पुन्हा आत जाणार नाही.

“मग त्या दारापायी तुम्ही खड्डा कशाला केलात?”

गृहस्थांकडे याचं उत्तर तयार होतं: मॅकिनॉ पूल. मिशिगनचे दोन भाग जोडणारा हा पाच मैलांचा झुलता पूल 1957 साली सुरू झाला. त्यावर वारं चढलं की ट्रेलरवाल्यांचा वेग ताशी 20 मैलांवर आणतात, आणि वारं फारच वाढलं तर उंच वाहनांना पुलाची गाडी सोबत घेऊन जावं लागतं. जितकं खोकं उंच, तितकं ते शीड. खेरीज पेट्रोल. वहिनींनी ऐकून घेतलं. हा युक्तिवाद पंख्याच्या आधी का आला नाही, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं.

संडासाबद्दल मतभेद झालेच नाहीत. सरकारी उद्यानांत सार्वजनिक संडास असतात आणि वरळीलाही बाहेरच होता. फक्त वरळीला अस्वलं नव्हती. म्हणून बाकाखाली एक हाती कमोड, रात्रीपुरता.

दाराची बाजू ठरवताना मात्र गंमत झाली. बिजागरीतज्ज्ञाने दार काढलं डावीकडे, कारण एसटीचं दार डावीकडे असतं आणि लहानपणी सगळा महाराष्ट्र त्याच बाजूने उतरलेला. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात. रस्त्याकडेला थांबून डाव्या दाराने उतरणारा थेट भरधाव ट्रकांच्या वाटेत उतरतो. दार उजवीकडे आलं, मोरी त्याच्या मागोमाग आली, मोरीमागून ओटा, आणि टाकी सोडून सगळा आराखडा आरशातल्यासारखा उलटला.

सध्या काम कुकरपाशी अडलेलं आहे. ओट्याखालचं कपाट 12 इंच खोल, पाच लिटरचा कुकर दांड्यासकट त्याहून लांब. कपाट वाढवलं तर मोरी लहान होते आणि मोरी लहान झाली तर गृहस्थ मावत नाहीत. दांडा दोन स्क्रूंचा आहे, प्रवासात काढून ठेवता येईल, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मग शिट्टीलाही वेगळा कप्पा करणार का, असं वहिनींनी विचारलं. त्यांनी आराखड्याचा कागद हळूच उलटा ठेवला. 2 बाय 2 इंचांचा तो कप्पा त्यांनी आदल्या रात्रीच काढला होता, बिजागरीसकट.