आठ आण्यांचे हरिश्चंद्र

राजा हरिश्चंद्राने शब्दाखातर राज्य सोडलं. अण्णांकडे सोडण्यासारखं राज्य नाही, त्यामुळे ते आठ आण्यांवर भागवतात. 25 पैशांचं नाणं 2011च्या जूनअखेर चलनातून गेलं, पण 50 पैशांचं अजून कायदेशीर आहे. ही गोष्ट आमच्या कॉलनीत एकट्या अण्णांच्या लक्षात आहे आणि तिचा त्रास सगळ्यांना होतो. साडेसत्तेचाळीस झाले की वाणी म्हणतो, "सत्तेचाळीस द्या." अण्णा म्हणतात, "तुमचे आठ आणे मी का बुडवू?" "बरं, अठ्ठेचाळीस द्या." "माझे आठ आणे तुम्ही कशाचे घेता?" मागच्या रांगेतलं कुणीतरी शेवटी स्वतःच्या खिशातून रुपया काढतं. मग तो रुपया कुणाचा, यावर चर्चा सुरू होते.

असे अण्णा प्रत्येक कॉलनीत एक असतात. बहुधा निवृत्त, बहुधा हिशेब खात्यातून. नोकरीत असताना त्यांच्या खिशाला दोन पेनं असत, आणि सरकारी पेनाने त्यांनी घरच्या किराण्याची यादी कधी केली नाही. पाकिटावरच्या तिकिटावर टपालाचा शिक्का उमटला नसेल, तर व्यवहारी माणूस ते वाटीभर पाण्यात भिजवून अलगद सोडवून घेतो. अण्णा त्यावर स्वतःच फुली मारतात. (कोणत्या पेनाने, हे विचारायचं राहून गेलं.)

2022च्या ऑगस्टमध्ये एसटीने 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास सुरू केला. अण्णांना पंचाहत्तरी गाठायला तेव्हा काही महिने कमी होते. साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या गाडीत कंडक्टरने त्यांचे पांढरे केस पाहिले आणि मशीनमधून शून्याचं तिकीट काढायला घेतलं. अण्णा उभे राहिले, पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि आपलं वय बसत नाही, हे त्याला सिद्ध करून दाखवलं. सवलत मिळावी म्हणून आधार दाखवणारे त्याने रोज पाहिले होते. मिळू नये म्हणून दाखवणारा पहिलाच. बिचाऱ्याने अर्धं तिकीट फाडलं आणि वर राहिलेले दोन रुपये तिकिटाच्या मागे लिहून दिले. स्वारगेटला उतरताना तो ते विसरला, अण्णा विसरले नाहीत.

रेल्वेत याच्याही पुढची पायरी. नातू चार वर्षांचा, म्हणजे फुकट. पण नागपूरला जाताना दौंडच्या आसपास रात्रीचे बारा वाजले आणि नातू पाच वर्षांचा झाला. अण्णा तडक टीसीला शोधत गेले. टीसीने सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, नातवाला शुभेच्छा सांगा आणि झोपा."

द्राक्षांच्या गाडीपुढे मात्र अण्णांच्या नीतिशास्त्राचा खरा कस लागतो. पहिला मणी नमुन्याचा. तो गाडीवाला आपल्या हाताने देतो, म्हणून त्यात पाप नाही. दुसरा खात्रीचा, कारण पहिला वरच्या घडातला होता. तिसऱ्यापासून चोरी. पण पहिलाच आंबट निघाला तर? न घेता निघावं, तर एका मण्याचं ऋण डोक्यावर राहतं. म्हणून दर फेब्रुवारीत अण्णांच्या घरी किलोभर आंबट द्राक्षं येतात आणि काकू मुकाट्याने रायतं करतात.

यूपीआय आल्यावर आठ आण्यांचं भांडण मिटेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण काडेपेटी 2021च्या डिसेंबरात एक रुपयावरून दोन रुपयांवर गेली, आणि वाण्याने एकदा जुन्या सवयीने रुपयाच घेतला. रात्री अकराला ते अण्णांच्या ध्यानात आलं. त्यांनी लगेच एक रुपया पाठवला. अनोळखी नंबरावरून रुपया आला की पुढे खातं साफ होतं, असं वाण्याने कुठेतरी ऐकलेलं. त्याने अण्णांना ब्लॉक केलं.

एकाच माणसापुढे अण्णा हरले, ती भाजीवाली मावशी. तिने भाजीवर कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकल्या. अण्णांनी भाव विचारला. "आवो, कढीपत्त्याचं कुणी पैसं घेतं व्हय? माझ्या सासूनं घेतलं न्हाईत, म्या घिऊ?" मग अण्णांनी तोड काढली. कढीपत्ता फुकट घ्यायचा, पण कोथिंबिरीला घासाघीस करायची नाही. गिऱ्हाईक भलं दिसतंय म्हणून मावशीने मूठभर कोथिंबीर आणखी वर घातली. शेवटी अण्णांनी घरी कुंडीत कढीपत्ता लावला. आता मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "अण्णांना काय चुकीचं बोलले का वो मी?"

इथे मी सरळ मावशीच्या बाजूचा आहे. वर घातलेली कोथिंबीर हिशेबात धरायची नसते. ती "उद्या पुन्हा या" म्हणून घातलेली असते. ज्याला कुणाचंच काही लागायचं नाही, त्याच्याशी दोन शब्द बोलायलाही निमित्त उरत नाही.

तरीही गावाला जाणाऱ्यांच्या किल्ल्या अण्णांकडे, भिशीची रक्कम अण्णांकडे, गणपतीच्या वर्गणीची वही अण्णांकडे. आरतीच्या ताटातली चिल्लरही तिसऱ्या दिवशी फलकावर लागते, कापराच्या खर्चासकट. तुमच्या सोसायटीत असे कुणी असतील, तर त्यांना बिनविरोध खजिनदार करा. भाजीला मात्र त्यांच्याबरोबर जाऊ नका.