पेल्यातली मिरी

उसाचा रस आपण सरळ पितो, बर्फ कमी घालायला सांगतो आणि मिशा पुसतो. रेड वाइनचं तसं नाही. ती पिण्याआधी माणसाला मत असावं लागतं. त्यातून बाटली दीड-दोन हजारांची असली, की पेला हातात आल्याबरोबर सगळे आपल्या तोंडाकडे बघू लागतात. आधी पेला तिरका धरून रंग बघायचा. मग तो गरगर फिरवायचा, शर्ट सांभाळून. मग नाक थेट पेल्यात घालायचं. हेच लहानपणी आमटीच्या वाटीत केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. मग घोट घेऊन जिभेवर घोळवायचा, ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढून खळखळवायचा. आणि इतकी मेहनत झाल्यावर, परीक्षक असाल तर, तो थुंकून टाकायचा.

परीक्षकांचाही इलाज नसतो. एका बैठकीत चाळीस-पन्नास वाइन चाखायच्या तर गिळून कसं भागेल? पण मराठी मध्यमवर्गाकडून हे होणे नाही. पदरचे पैसे मोजून आणलेली वस्तू तस्तात टाकायची म्हणजे काय! माझ्या ओळखीत वाइनचे जाणकार पुष्कळ आहेत, थुंकणारा एकही नाही. त्यामुळे आमचे निकाल बाटलीगणिक उदार होत जातात. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. तिच्याविषयी बोलायला लागत नाही.

बाणेरला एका मित्राकडे अशी बैठक बसते. मित्राने वाइनचा छोटासा कोर्स केला आहे. मागे एकदा त्याने नाशिकची एक शिराझ काढली, ओकच्या पिंपात मुरवलेली. लेबल दिसू नये म्हणून बाटलीला रविवारची पुरवणी गुंडाळून वर रबर लावलं होतं. प्रत्येकाला कागद-पेन्सिल. ‘बोला, नाकाला काय जाणवतंय?’ आमच्यातल्या कुणीही ब्लॅकबेरीचं झुडूप पाहिलेलं नव्हतं, तरी जवळपास सगळ्यांनी ब्लॅकबेरी लिहिलं. जांभूळ सगळ्यांच्याच मनात आलं असणार, पण कागदावर लिहायचा धीर कुणाला झाला नाही.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘‘मिरी. आत्ता भरडलेली काळी मिरी.’’

मित्राने पुन्हा हुंगलं. मग पेला फिरवून आणखी एकदा हुंगलं. ‘‘छे! कुठली मिरी? मसाल्याचा हात असेल तुझा.’’

‘‘हात धुतलेत मी. आणि तुम्हाला दूध उतू जाऊन करपलं तरी वास येत नाही!’’

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होती. शिराझच्या द्राक्षांत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं. मिरीला मिरीचा वास येतो तो त्याच्यामुळेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे जाहीर केलं, आणि सोबत असंही, की त्यांच्या चाचणीतल्या साधारण दर पाचांतल्या एका माणसाला हा वास येतच नाही, अगदी साध्या पाण्यात भरपूर मिसळून दिला तरी. हे ऐकल्यावर मित्र म्हणाला, ‘‘म्हणजे दोष माझा नाही, नाकाचा आहे,’’ आणि त्याने पेला पुन्हा भरला. मला मात्र तेव्हापासून पंचांच्या टेबलाभोवती पाच माणसं बसलेली दिसली, की त्यांतलं मिरी न कळणारं नाक कोणतं असेल, हाच विचार डोक्यात येतो.

लेबल झाकण्याचा हा खेळ सर्वांत महागात पडला तो फ्रेंचांना. तारीख २४ मे १९७६, गाव पॅरिस. तिथे वाइनचं दुकान चालवणाऱ्या स्टीव्हन स्परियर या इंग्रजाने नऊ फ्रेंच जाणकार जमवले. कुणी नामांकित रेस्तराँचे मालक, कुणी वाइनच्या मासिकाच्या संपादक, कुणी बर्गंडीतल्या सर्वांत मानाच्या मळ्याचे भागीदार. समोर फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन, लेबलं झाकलेली, गुण वीसपैकी. निकाल उघडच होता, त्यामुळे पत्रकार फिरकलेच नाहीत. आला तो एकटा, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या हातात क्रमाची यादी होती, आणि त्यामुळेच त्या दुपारची खरी मजा त्याला एकट्यालाच कळत होती. एका पंचाने घोट घेऊन, आता कसं फ्रान्सला परत आल्यासारखं वाटतंय, असा उसासा सोडला. पेल्यात कॅलिफोर्निया होता. दुसऱ्याने एक पेला हुंगून, याला वासच नाही, ही नक्की कॅलिफोर्नियाचीच, असं ठणकावलं. ती बर्गंडीची निघाली.

पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्निया पहिली आली, तेव्हा लाल वाइनच्या वेळी मंडळी सावध झाली. तरी जिंकली ती कॅलिफोर्नियातल्या नापाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ सालची कॅबर्ने सोव्हिन्याँ, आणि तिच्या मागे फ्रान्सची मुताँ-रोथशील्ड. जिंकलेल्या वाइनची द्राक्षं होती जेमतेम तीन वर्षांच्या वेलींची. मासिकाच्या संपादक ओदेत कान यांनी आपला गुणपत्रिकेचा कागद परत मागितला. तो त्यांना मिळाला नाही. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. आपले गुण आपल्याच अक्षरात दुसऱ्याच्या हाती राहावेत, ही काही सुखाची गोष्ट नव्हे. आमच्या वाइनला मुरायला वेळ द्या, मग बघा, असं फ्रेंच म्हणत राहिले. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच वर्षांच्या लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे.

हसू नका, बाकीच्यांचीही तीच गत आहे. बोर्दोच्या विद्यापीठात वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांपुढे निरनिराळ्या पेल्यांतून तीनदा ठेवली, तेव्हा दहांतला एखादाच स्वतःच्या निकालाशी सुसंगत राहिला.

म्हणून हे सगळं थोतांड ठरत नाही. नाक फसतं, डोळा नाकाला फसवतो, किंमत दोघांना फसवते. पण तुरटपणाच्या बाबतीत जीभ सहसा फसत नाही. तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून येतो. पाश्चात्त्य शास्त्र त्याला चव म्हणायला फारसं तयार नाही, स्पर्श म्हणतं. आपल्याकडे कषाय हा सहा रसांतला एक मानाचा रस आहे. सुपारी, हिरडा, आवळा आणि जांभूळ यांवर वाढलेल्या जिभेला रेड वाइनचा तुरटपणा चांगला की नुसता ओरबाडणारा, हे सांगायला कोर्स कशाला हवा? चांगला तुरटपणा तोंड कोरडं करतो आणि लगेच दुसरा घोट मागतो. वाईट नुसतंच कोरडं करतो. शिवाय गिळल्यानंतर चव तोंडात किती वेळ रेंगाळते तेही बघावं. मी एवढ्या दोनच गोष्टींना गुण देतो. ब्लॅकबेरीला देत नाही.

त्या शिराझचा निकाल विचाराल, तर मिरी होती. तुरटपणा ठीक बसलेला, लाकडाचा वास जरा पुढे पुढे करणारा. साध्या मटणाबरोबर छान जमेल, कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापुढे मात्र तिने उभं राहू नये.

एक गोष्ट मात्र कृपा करून ऐका. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं जे पुस्तकांत लिहिलेलं असतं, ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. एप्रिलमध्ये आपल्या दिवाणखान्यात पारा तिशीच्या वर असतो, आणि त्या उष्म्यात पेल्यातून आधी वर येतो तो अल्कोहोलचा भपकारा. मग मिरीही कळत नाही आणि जांभूळही नाही. तेव्हा पाहुणे काहीही म्हणोत, बाटली उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.