मूकपटाने वाचा फोडली

ज्या सिनेमात कुणीच बोलत नाही, तो लावला की घरातही बोलणं निघणार नाही, अशी माझी समजूत होती. त्या आठवड्यात बोलणं मला परवडणारं नव्हतं. बायकोने भिशीचे जमा झालेले दहा हजार माझ्याकडे ठेवायला दिले होते आणि ऑफिसातल्या एकाच्या ‘खात्रीच्या’ टिपेवर मी ते एका शेअरात घातले होते. चिठ्ठी निघेपर्यंत दुप्पट व्हायचे होते. झाले निम्म्याहून कमी.

म्हणून रविवारी दुपारी ‘द चीट’ लावला. सेसिल बी. डीमिलचा, 1915 चा, जेमतेम तासाभराचा. याच सिनेमामुळे सेस्यू हायाकावा हा जपानी नट हॉलिवूडमध्ये स्टार झाला, एवढं वाचलं होतं. कथा वाचायचे कष्ट घेतले नव्हते. शेअरही मी असेच घेतो.

बायकोच्या चष्म्याची काडी मोडलेली. मेथीची जुडी घेऊन बसली आणि म्हणाली, “पाट्या तुम्ही वाचा.”

थोड्याच वेळात माझ्या तोंडचं पाणी पळालं. नायिका ईडिथ, शेअर दलालाची उधळी बायको. रेडक्रॉसच्या निधीचे दहा हजार डॉलर तिच्या ताब्यात. ओळखीचा एकजण तिला एका दिवसात दुप्पट करून देतो म्हणतो.

“काय म्हणतोय तो?”

“तब्येतीची चौकशी करतोय.”

“मग ती तिजोरी कशाला उघडतेय?”

“डॉक्टरची फी.”

पैसे बुडाल्याचं कळताच ईडिथ बेशुद्ध पडली.

“आता काय झालं?”

“फी जास्त सांगितली.”

पाट्या फिरवणारा मी काही पहिला नव्हे. ईडिथला मग कर्ज देणारा सावकार, म्हणजे हायाकावाचं खलपात्र, मुळात जपानी होतं. अमेरिकेतल्या जपान्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा 1918 मध्ये पाट्या बदलून त्याला ब्रह्मदेशचा करून टाकलं. आज पाहायला मिळते ती हीच प्रत. पण त्यांनी फक्त देश बदलला होता, मला अख्खी कथाच बदलायची होती. आणि त्या काळचे नट! भुवई, खांदा, बोटं, सगळं बोलतं. मी सावकाराला मामा केलं, कर्जाला आहेर केलं, तरी ईडिथ झालेल्या फॅनी वॉर्डचे डोळे माझ्याविरुद्ध साक्ष देतच होते.

सावकार ईडिथच्या खांद्यावर तापलेल्या शिक्क्याचा डाग देतो, ती गोळी झाडते, नवरा गुन्हा आपल्यावर घेतो. तो दोषी ठरल्यावर भर कोर्टात ती खांदा उघडा करून डाग दाखवते. गडबडीत माझ्या तोंडून खरी पाटी निघून गेली.

मेथी थांबली. “आहेराचा डाग?”

मी गप्प.

“दहा हजार ना? तिचे नाही, माझे. तुमच्या फोनवर रोज त्या शेअरचा भाव येतो. चष्मा आजच मोडलाय. मंगळवारपासून वाचतेय. म्हटलं, बघू कधी सांगताय.”

शनिवारी चिठ्ठी निघाली, ती नेमकी तिच्याच नावाची. त्यामुळे भिशीतल्या नऊ बायकांसमोर इज्जत वाचली आणि देणं एकाच ठिकाणी उरलं. हप्ता दरमहा हजाराचा ठरलाय, चष्म्याच्या काडीचा खर्च वेगळा.