कान झाका, डोळे उघडे ठेवा

भयपट मी बघत नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नाही, भीती वाटते म्हणून बघत नाही. नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं घरात असली तरी मुखपृष्ठ खाली करून ठेवणाऱ्यांपैकी मी. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला आणि भाचीनं परस्पर तिकिटं काढली. ‘मामा, यात भूत नाही रे, लोभ आहे,’ म्हणाली. लोभ आपल्या ओळखीचा, म्हणून गेलो.

सुरुवात झेपली. १९१८ सालचं कोकण, धो धो पाऊस, पडका वाडा. शेजारच्या काकू ‘एवढ्या ओलीत कपडे कुठे वाळत घालत असतील?’ असं पुटपुटल्या, तेव्हा फार आधार वाटला. मग साखळदंडात जखडलेली आजी आली. हस्तर या राक्षसाचं नाव घेतलं की ती झोपते, हे कळल्यावर काकूंच्या आधी मीच त्याचा जप सुरू केला.

भित्रे लोक डोळे मिटतात, ते साफ चुकीचं आहे. पडद्यावरच्या राक्षसाला बजेट असतं. मिटल्या डोळ्यांआड नुसत्या आवाजावरून आपण जो उभा करतो, त्याला कसलाच धरबंध नसतो. त्यापेक्षा कान दाबावेत आणि डोळे उघडे ठेवावेत. आवाज गेला की करकरणारं दारसुद्धा नुसतं दार होतं, तेल घालायला झालेलं. या युक्तीवर मी मध्यंतरापर्यंत तगलो. समोशासाठी हात मोकळे करावे लागले तेव्हा दिवे लागलेले होते, हे नशीब.

पुढे सिनेमाचा नायक विनायक देवीच्या गर्भात उतरतो. कणकेची बाहुली टाकायची, उपाशी हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मुद्रा लांबवायच्या आणि दोर धरून पळायचं. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि मागून एक गृहस्थ: ‘आजच्या भावानं किती होतील हो?’ त्या माणसाला मी मनोमन दंडवत घातला.

घरी आलो तर बायको परातीत कणीक मळत होती. म्हटलं, आज भातच टाक.

भाचीनं समजूत घातली, ‘अरे, ती आजी म्हणजे मोहम्मद समद. विनायकाचा मुलगा झालाय ना, तोच पोरगा. नुसता मेकअप!’ धीर येण्याऐवजी भलतंच झालं. आता सोसायटीत सायकल फिरवणारी पोरंही मी जरा लांबूनच न्याहाळतो.